धुळ्याहून न्यूयॉर्क जवळ पडतं

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर भरतं. जळगाव ते न्यूयॉर्क १२,४७० आणि धुळे ते न्यूयॉर्क १२,४४०. म्हणजे धुळ्याचा माणूस घराच्या ओट्यावर बसलेला असतानाच मुंबईकरापेक्षा नव्वद किलोमीटरनं न्यूयॉर्कच्या जवळ असतो. विमान धरायला तो जळगावला गेला की तीस किलोमीटर लांब जातो, जळगावहून मुंबईला उतरला की आणखी साठ. लेकीकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं तेव्हा तिकिटांच्या आधी मी हे आकडे काढले, आणि मग सगळा प्रवासभर ते डोक्यात राहिले. खान्देशातून परदेशी जाणाऱ्या माणसाला अंतर काय आणि वेळ काय, याचा हिशेब इतका वेगळा का लागतो, हे मला नीट समजून घ्यायचं होतं.

हे अंतर काढायला फार काही लागत नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आणि शाळेत शिकलेल्या साइन-कोसाइनची थोडी उजळणी एवढ्यावर काम भागतं. गणित नको असेल तर घरातला पृथ्वीगोल घ्यावा, एक दोरा मुंबईवर धरावा आणि दुसरं टोक न्यूयॉर्कवर ताणावं. दोरा ज्या वाटेनं बसेल ती पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट. ही वाट पाहून पहिल्यांदा कोणीही चकित होतं, कारण भिंतीवरच्या सपाट नकाशात अमेरिका आपल्या पश्चिमेला आहे आणि दोरा मात्र वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकून निघतो. मुंबईहून निघालेली ही रेषा पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान आणि रशियावरून चढत चढत आइसलँडच्या पूर्वेला ६५ अक्षांशापर्यंत जाते आणि तिथून खाली वळून न्यूयॉर्क गाठते. सपाट नकाशावर पट्टीनं रेघ ओढून त्याच दिशेनं गेलं तर अंतर १४,२०० किलोमीटरच्या घरात जातं. उत्तरेचा वळसा वाटणारी वाट पट्टीच्या रेघेपेक्षा जवळजवळ सतराशे किलोमीटरनं जवळची आहे.

धुळ्यात उभं राहून न्यूयॉर्ककडे तोंड करायचं असेल तर शहाद्याकडे पाहावं. दिशा जवळपास तीच. सातपुडा ओलांडून सरळ. मुंबई वेगळ्याच दिशेला, नैर्ऋत्येला. आणि जळगाव पूर्वेला.

म्हणूनच गाडीवाल्यानं बॅगा डिकीत टाकताना विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. "आप्पा, मुंबईले जानं शे ना? मंग जळगावकडे कथा चालनात?"

धुळ्याहून मुंबई आग्रा महामार्गानं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट करत सहा-सात तास. भिवंडी-ठाण्यात वाहनांचा खोळंबा झाला की त्यावर किती, ते कोणी सांगू शकत नाही. धुळ्याचे बहुतेक लोक याच रस्त्यानं परदेशी जातात, रात्री जेवून निघतात आणि पहाटे विमानतळावर उतरतात. रेल्वेनं जायचं तर आधी चाळीसगाव गाठावं लागतं. धुळे-चाळीसगाव हा फाटा १९०० साली सुरू झाला आणि धुळे शहराला मुख्य मार्गाशी जोडणारा तो आजही एकमेव लोहमार्ग आहे. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तो झाला की धुळे आणि शिरपूर दोन्ही मुख्य वाटेवर येतील.

जळगावकराचं गणित वेगळं. त्याच्या दारातून मुंबई-हावडा मार्ग जातो. मुंबईपर्यंत लोहमार्गानं ४२० किलोमीटर, रात्री अमरावती एक्स्प्रेस धरली की पहाटे मुंबई. रस्त्यानं मात्र त्याला आठ-नऊ तास मोडावे लागतात. विमानानं हेच अंतर सरळ रेषेत ३५५ किलोमीटर आहे, तिकिटावर सव्वा तास. जळगावच्या माणसाचे विमानामुळे खरोखर पाचएक तास वाचतात. धुळेकराचे किती वाचतात ते मी या वेळी घड्याळ लावून पाहायचं ठरवलं होतं.

धुळे सोडलं की फागणे, मग पारोळा, एरंडोल, पाळधी. फागणे ते तरसोद हा टप्पा चौपदरी झाल्यापासून हा रस्ता पूर्वीचा राहिलेला नाही. पूर्वी पारोळ्याच्या गावातून ट्रकमागे ट्रक रांगत जात. आता गाडी न थांबता बांभोरीच्या गिरणा पुलापर्यंत येते. पुलाच्या अलीकडे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा डोंगरउतारावरचा परिसर दिसतो, पलीकडे जळगाव. अडचण एवढीच की विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुसुंबा-नशिराबादकडे आहे. शहरातूनच जायचं ठरवलं तर आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली असं सगळं जळगाव आडवं पार करावं लागतं. घरापासून विमानतळाच्या दारापर्यंत दोन तास धरून चालावं.

जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९७३ मध्ये बांधली. पुढची कित्येक वर्षं ती मंत्र्यांची विमानं आणि एखादं खासगी विमान एवढ्यापुरती होती. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २०१० मध्ये तिच्या विस्ताराची पायाभरणी झाली. जळगावच्या लेकीनं राष्ट्रपती भवनातून गावाला दिलेली भेट म्हणून त्याकडे इथले लोक आजही पाहतात. नवी इमारत झाली, धावपट्टी १,७०० मीटरची झाली आणि मग बरीच वर्षं त्या इमारतीत प्रवासीच नव्हते.

प्रवासी विमान आलं ते 'उडान' योजनेमुळे. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कननं १८ आसनी बीचक्राफ्ट विमानानं मुंबई-जळगाव सेवा सुरू केली. ती टिकली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली. अहमदाबाद-जळगाव-मुंबई अशी तिची फेरी होती आणि विमान सत्तर आसनांचं एटीआर. मध्ये करोना आला आणि २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. एप्रिल २०२४ पासून फ्लाय ९१ नं गोवा आणि हैदराबाद जोडलं, मे महिन्यात पुणे, आणि जूनमध्ये अलायन्स एअरनं मुंबई पुन्हा सुरू केली. या चढउतारामागे एक साधं कारण आहे. 'उडान'मध्ये सुमारे तासाभराच्या उड्डाणासाठी निम्म्या जागांचं भाडं सुरुवातीला २,५०० रुपयांवर बांधलेलं होतं आणि येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देई. त्या तीन वर्षांत लोकांना विमानाची सवय लागली तर सेवा पुढे स्वतःच्या पायावर उभी राहते, नाही तर अनुदानाबरोबर तीही आटोपते. शिवाय मुंबईच्या गजबजलेल्या धावपट्टीवर सत्तर आसनी विमानासाठी सोयीची वेळ मिळणं फार कठीण. जळगावचं विमान रिकामं गेलं म्हणून बंद पडलं, असं सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. ज्या विमानाची वेळ दर हंगामात बदलते आणि जे आठवड्यातले काहीच दिवस येतं, त्यावर विसंबून कोण परदेशाचं तिकीट काढील?

आम्ही निघालो ते मे महिन्यात. जळगावचा मे म्हणजे पारा ४५ अंशांना टेकलेला. या उन्हाचा विमानाशी फार जवळचा संबंध आहे आणि तो इथल्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असावा असं मला वाटतं. विमानाला उचलते ती हवा, आणि हवा तापली की विरळ होते. विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर आहे. पण ४५ अंशांत तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीनं ती धावपट्टी सुमारे १,४०० मीटर उंचीवर जाऊन बसते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी जळगावचं विमान जणू महाबळेश्वरच्या पठारावरून उडायचा प्रयत्न करत असतं. पंख्यांची ओढ कमी होते, पंखांची उचल कमी होते, जमीन सोडण्यासाठी जास्त वेग आणि जास्त लांबी लागते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची आहे, तिला हे चालून जातं. १,७०० मीटरच्या धावपट्टीवर मात्र वैमानिकाला वजनाचा हिशेब करावाच लागतो. मोठी जेट विमानं पूर्ण भारानिशी इथून उडत नाहीत ती याच कारणानं, आणि एटीआरसारखं पंख्यांचं विमान इथे शोभतं तेही याच कारणानं.

वजनावरून आठवलं. ही गोष्ट खान्देशातल्या आईबापांनी आधीच लक्षात घ्यावी. अमेरिकेच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन-दोन बॅगा चालतात, देशातल्या छोट्या विमानात साधारण १५ किलो. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर लहान आकडाच लागू होतो आणि वरच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात. लेकीसाठी ज्वारीची बिबडी, कुरडया, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ आणि यावलकडचे केळीचे वेफर्स एवढं नेणाऱ्यांचं १५ किलोत काही होत नाही. आमच्या दोन जड बॅगा भाच्यानं दोन दिवस आधी रेल्वेनं मुंबईला नेऊन ठेवल्या होत्या. त्याच्याशिवाय हे विमान आम्हाला परवडलं नसतं.

जळगावच्या विमानतळावर मनाला बरं वाटतं. इमारत छोटी, रांग छोटी, सुरक्षातपासणी दहा मिनिटांत उरकते, आणि मग कडक उन्हातून चालत विमानापर्यंत जायचं. एटीआरला प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं, पुढच्या दारातून सामान चढतं. पंख वर, खिडक्यांच्या डोक्यावर, त्यामुळे खाली पाहायला आड काही येत नाही. खान्देश वरून पाहायचा असेल तर हेच विमान हवं.

उजवीकडची खिडकी मागून घेतली होती. चाकं जमिनीवरून सुटली आणि पहिल्यांदा दिसली ती वाघूरच्या बाजूची शेतं, नांगरून उन्हाला टाकलेली काळी रानं. लांब उत्तरेला तापीच्या अंगानं केळीचे हिरवे पट्टे. रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यातलं हे केळं, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे धुळकटलेला सातपुडा. नकाशात खान्देश म्हणजे सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या रांगांमधलं तापीचं खोरं असं वाचलेलं असतं. विमान वर गेलं की एका नजरेत ते दोन्ही काठ दिसतात आणि मधला सगळा प्रदेश पश्चिमेकडे कलता झालेला जाणवतो.

जळगाव ते मुंबई अशी नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती चाळीसगावच्या अंगानं, अंकाई-टंकाईवरून, सिन्नरवरून आणि कळसूबाईच्या अगदी जवळून जाते. विमान हवाईमार्गांच्या शिस्तीनं थोडं इकडेतिकडे होतं, पण खुणा ओळखता येतात. चाळीसगावनंतर उजव्या हाताला गिरणा धरणाचं पाणी चमकलं. मे महिन्यात ते पात्राच्या कडांपासून बरंच आत सरकलेलं असतं. मनमाडच्या आसपास सुटे सुळके आणि सपाट माथ्याचे किल्ले, त्यापुढे जमीन उंचावत गेली आणि एकाएकी तुटली. सह्याद्रीचा कडा ओलांडताना विमानाला दोन-तीन धक्के बसले. खालून तापलेली हवा घाटावर आदळून वर चढते, त्याचा हा परिणाम. खाली भातसा-तानसाची तळी आणि मग लगेच इमारती.

एटीआर ताशी सुमारे ५०० किलोमीटरनं चालतं. त्या वेगानं ३५५ किलोमीटर म्हणजे पाऊण तासाच्या आत. मग तिकिटावर सव्वा तास का? विमान कंपन्या वेळ मोजतात ती चाकांचे अडणे काढल्यापासून ते मुक्कामी पुन्हा लावेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणं आहे, हळूहळू उंची घेणं आहे, उतरण्यासाठी रांगेत थांबणं आहे. जवळच्या प्रवासात हा वरकड वेळ जवळजवळ उड्डाणाइतकाच होतो. लांबच्या प्रवासात तेवढाच वरकड वेळ पंधरा तासांत विरून जातो. म्हणून तासाला किती किलोमीटर हा हिशेब जळगाव-मुंबईला लावला तर तीनशेच्याही खाली येतो आणि मुंबई-न्यूयॉर्कला आठशेच्या आसपास जातो.

आमचा हिशेब असा झाला. घर ते जळगाव विमानतळ दोन तास, तिथे सव्वा तास, विमानात सव्वा तास, मुंबईत सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. पाच तास. गाडीनं थेट गेलो असतो तर सहा-सात. म्हणजे धुळेकराचे वाचतात तासभर-दोन तास, आणि खर्च वाढतो. कसाऱ्याचा घाट आणि भिवंडीचा खोळंबा टळतो, पाठ शिणत नाही, हे वयस्क माणसाला मोलाचं आहे. पण विमान रद्द झालं तर त्या दिवशी गाडीनं मुंबई गाठता येईल एवढी फट ठेवूनच निघावं लागतं. आम्ही मुंबईहून सुटणाऱ्या विमानापूर्वी मुद्दाम सात तास मोकळे ठेवले होते.

रात्री दोनला न्यूयॉर्कचं विमान सुटलं. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवला आणि दोऱ्याची ती वाट शोधू लागलो, पण विमान उत्तरेकडे वळलंच नाही. ते अरबी समुद्रावरून पश्चिमेला गेलं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै ते असंच बंद होतं. या वेळच्या बंदीनंतर सुरुवातीला उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं होतं. अमेरिकी कंपन्यांची अडचण वेगळी. त्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे, आणि त्यापायीच युनायटेडनं त्या मार्चमध्ये नेवार्क-मुंबई थांबवली होती. गोलावर ताणलेला दोरा कोणत्याही सीमा जाणत नाही, विमानाला मात्र प्रत्येक देशाची परवानगी लागते. १२,५३० हा आकडा म्हणूनच कागदावरचा राहतो आणि प्रत्यक्षात शेकडो किलोमीटर वाढतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पृथ्वीच्या मधल्या अक्षांशांच्या पट्ट्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच जोराचे. अमेरिकेला जाताना विमान त्यांच्या तोंडावर जातं, येताना तेच वारे पाठीशी असतात. जाताना पंधरा-सोळा तास आणि येताना त्याहून तास-दीड तास कमी लागतो तो यामुळे. अंतर तेच, वेळ निराळी. तिकिटावर मात्र आणखी तिसराच आकडा दिसतो. रात्री दोनला निघून त्याच तारखेला सकाळी सव्वाआठला पोचलो, म्हणजे घड्याळाप्रमाणे जेमतेम सव्वासहा तास. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. ते मिळवले की पावणेसोळा तासांचा खरा प्रवास निघतो. आमच्या शेजारच्या बाई पहिल्यांदाच निघाल्या होत्या आणि सहा तासांत अमेरिका येते अशी त्यांची समजूत होती. त्यांना हे नीट सांगितलं, तेव्हा त्यांनी औषधांच्या वेळा कागदावर नव्यानं मांडल्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवायला हवं.

धुळ्याच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंत सगळं मिळून तीस तासांच्या वर गेले. त्यातले सोळा तास साडेबारा हजार किलोमीटरला लागले आणि उरलेले जवळजवळ सगळे धुळे ते मुंबई या टप्प्यात, प्रवासात नि वाट पाहण्यात गेले.

धुळ्यालाही गोंदूरला धावपट्टी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबची मुलं तिथे विमान चालवायला शिकतात. गोंदूर रस्त्यानं फिरायला गेलं की छोटी विमानं आभाळात घिरट्या घालताना दिसतात. तिथून प्रवासी विमानं सुरू व्हावीत ही मागणी धुळ्यात नेहमी होते. मी धुळेकर असून मला ती योग्य वाटत नाही. गोंदूर आणि जळगाव यांच्यात सरळ रेषेत नव्वदएक किलोमीटर अंतर आहे. एकाच विमानाला प्रवासी पुरवताना जिथे दमछाक होते तिथे दोन विमानतळ एकमेकांच्या तोंडचा घास काढतील. खान्देशाला एकच विमानतळ पुरे, पण तिथलं मुंबईचं विमान रोज आणि ठरल्या वेळी हवं. त्या वेळेशी जुळणारी एसटी धुळे, अमळनेर, चोपडा आणि भुसावळहून थेट विमानतळाच्या दारात यायला हवी. आज तिथे पोचायला स्वतःची गाडी लागते किंवा भाड्याची. जळगावची धावपट्टी वाढवण्यापेक्षाही मला ही बस आधी हवी आहे.

परतीला आम्ही विमान धरलं नाही. मुंबईला भर दुपारी उतरलो, जळगावचं विमान त्या दिवशी नव्हतं. गाडीनं निघालो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून कसाऱ्याचा जुना घाट चढावा लागत नाही, बोगद्यांतून इगतपुरीला वर येता येतं. तिथून नाशिक, चांदवड, मालेगाव. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, डिसेंबर २०२५ पासून तिथून देशांतर्गत विमानं उडतात. परदेशी उड्डाणं तिकडे वाढत गेली तर जळगावहून सांताक्रूझला उतरणाऱ्या माणसाला मुंबई ओलांडून पलीकडे जावं लागेल. तिकीट काढताना विमान कोणत्या विमानतळावरून सुटणार आहे ते खान्देशच्या प्रवाशानं यापुढे आधी पाहावं, मगच जळगावचं विमान धरायचं की आग्रा रोड, ते ठरवावं.